उशिराचं कारण

पन्नाशी उलटली तरी घरात तिचं नाव छोटीच होतं. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. नवरा वारल्यावर छोटी काही दिवसांसाठी म्हणून दादाकडे आली आणि तिथलीच होऊन गेली. कोर्टाच्या मागच्या गल्लीत बाइंडिंगचं एक दुकान होतं, तिथे ती काम करायची. कोर्टाच्या जुन्या नोंदवह्या, वकिलांची जाडजूड पुस्तकं, पानं सुटलेले शब्दकोश, सगळं तिच्याकडे शिवायला यायचं. हात पक्का होता. छोटीने शिवलेल्या वहीचं पान फाटेल पण शिवण सुटणार नाही, असं मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा.

घरात एक दावा होता. म्हणजे होता कोर्टात, पण राहायला घरात होता. वडिलांनी मागे ठेवलेल्या जमिनीच्या कडेला तीस फूट रुंदीची एक पट्टी होती आणि तिला लागून वीटभट्टी. भट्टीवाल्याने मातीचे ढीग टाकत टाकत हद्द सरकवली, असं दादाचं म्हणणं. पट्टी पहिल्यापासून आपलीच आहे, असं भट्टीवाल्याचं. दोघांकडे एकेक नकाशा होता आणि दोन्ही नकाशांचा एकमेकांशी छत्तीसचा आकडा होता.

नऊ वर्षं दावा चालला. जेवताना दावा, चहा पिताना दावा. पाहुणे आले तर ते चपला घालेपर्यंत दावा. दादाची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली ती पुढे फोन फक्त आईलाच करायला लागली, कारण बाबांनी फोन घेतला की सुरुवातच "तो परवा काय म्हणाला माहीत आहे?" अशी व्हायची. तो म्हणजे भट्टीवाला. एकदा तर दादा लोखंडी सळई घेऊन भट्टीवर गेला होता. वहिनी अनवाणी मागे धावली म्हणून निभावलं.

शेवटच्या वर्षी कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब बेसुमार वाढलाय, डोक्याला ताप नको. वहिनीने त्या दिवशी छोटीचा हात धरून म्हटलं होतं, "निकाल कसाही लागू दे, पण हा विषय एकदाचा मिटू दे गं. याच्या आधी माणूस मिटायला नको."

मग कोर्टातले युक्तिवाद संपले. दादाचे वकील म्हातारे होते. ते म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय. लागला की कळवतो. तुम्ही खेपा घालू नका, तब्येत सांभाळा." दादाने ऐकलं.

रजिस्टर पत्र आलं ते एका शनिवारी दुपारी. दादा वर्कशॉपमध्ये होता, वहिनी बाजारात. छोटीने दुकानातलं काम घरी आणलं होतं. जमिनीवर पुठ्ठे पसरलेले, बोटं खळीने चिकट. तिने तशाच हातांनी पोस्टमनच्या कागदावर सही केली. वकिलांचं अक्षर पाहून तिने पाकीट फोडलं. आत निकालाची नक्कल होती. दादा हरला होता. सोबत वाकड्यातिकड्या अक्षरातली चिठ्ठी होती: मला अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, मुलीकडे कायमचा जात आहे, दुसरा वकील ताबडतोब गाठावा, नव्वद दिवसांच्या आत अपील करावं, मुदत टळू देऊ नये.

संध्याकाळी द्यायचं, असंच तिने ठरवलं होतं. पण संध्याकाळी दादा आला तो शीळ घालत. कितीतरी दिवसांनी त्याने स्वतःहून मुलीला फोन लावला आणि तिच्या घरमालकाच्या कुत्र्याची चौकशी केली. वहिनी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होती. छोटीला वाटलं, आज नको. उद्या.

उद्याचा परवा झाला. सोमवारी तिने पाकीट दुकानात नेलं आणि आपल्या खणात, पुठ्ठ्यांच्या तुकड्यांखाली ठेवलं. फाडून टाकायचं तिच्या मनात आलं नाही. फाडलं असतं तर आपण काय करतोय ते तिला स्वतःशीच कबूल करावं लागलं असतं.

महिन्याभराने दादाच म्हणाला, "तू रोज कोर्टावरूनच जातेस ना? जरा आत डोकावून विचार की, निकालाचं काय झालं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"अजून नाही," छोटी म्हणाली.

इतकं सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. पुढे तो दीडदोन महिन्यांनी विचारायचा आणि तिचं उत्तर तेच. कधी नवे न्यायाधीश यायचे आहेत, कधी सुट्ट्या आहेत, कधी वकील आजारी आहेत. त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. नव्वदावा दिवस कुठला ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी तिने कोर्टाची एक अख्खी नोंदवही उलटी शिवली आणि मालकाने डोक्याला हात लावला.

आणि घर मात्र बदललं. दादा झोपायला लागला. वहिनीबरोबर फिरायला जायला लागला, मुलगी सुट्टीत घरी राहायला लागली. जेवताना हसण्याचा आवाज आला की छोटी मनात म्हणायची, बघ, काय वाईट झालं? पण तिलाच हसायला यायचं नाही. 

असं तीन वर्षं चाललं.

मग एक दिवस भट्टीवाल्याने पट्टीवर खांब रोवायला माणसं लावली. दादा धावत गेला. भट्टीवाल्याने खिशातून निकालाची नक्कल काढली. "तीन वर्षं झाली निकाल लागून," तो म्हणाला, "मुदत टळून चांगली दोनतीन वर्षं जाऊ दे, मग हात लाव, असं आमचे वकील म्हणाले होते. मी थांबलो. तू काय झोपला होतास?"

दादा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. "छोटी," तो म्हणाला, "कोर्टातल्या लोकांनी तुला तीन वर्षं फसवलं गं."

तिच्यावर संशय घ्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. 

नवीन वकीलबाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर आकडा मांडला: एक हजार एकशे सोळा दिवस उशीर. "अपिलाच्या आधी विलंब माफीचा अर्ज द्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "कोर्ट उशीर माफ करतं. चार दिवसांचाही करतं, चार वर्षांचाही करतं. दिवस किती यापेक्षा कारण काय ते बघतं. तुमचा निष्काळजीपणा नव्हता, हे पटलं पाहिजे."

"मला निकाल कळलाच नाही, हेच कारण," दादा म्हणाला. "बहीण दर दीडदोन महिन्यांनी विचारत होती. विचारा हिला."

वकीलबाईंनी छोटीकडे पाहिलं. छोटीने मान हलवली. हो की नाही, ते त्या मान हलवण्यातून कोणालाच कळलं नसतं. पण दोघांनीही ते हो असंच धरलं.

दादाने शपथेवर लिहून दिलं: मला कोणतीही सूचना मिळाली नाही. पुढच्या तारखेला भट्टीवाल्याच्या वकिलाने त्यावर उत्तर दिलं आणि सोबत एक कागद जोडला. म्हाताऱ्या वकिलांच्या मुलीकडून त्यांनी जुन्या फायली मिळवल्या होत्या आणि त्यात ती रजिस्टर पत्राची पोचपावती होती. तारीख, शिक्का, आणि खाली सही. पत्र घरी पोचलेलं आहे, अर्जदार धडधडीत खोटं बोलतो आहे, त्याच्यावर कारवाई व्हावी, असं त्यात म्हटलं होतं.

वकीलबाईंनी कागद टेबलावर सरकवला. "ही सही कोणाची?"

नुसतं दादाचं आडनावच, तेही घाईत ओढलेलं. शेवटचं अक्षर पसरलेलं, कारण पेन बोटाला चिकटलं होतं. छोटीला ती दुपार, ते पुठ्ठे, सगळं डोळ्यांसमोर आलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर पिशवी. आत्ता बोल, आत्ता, असं ती स्वतःला सांगत राहिली आणि पिशवीचे बंद पिळत राहिली.

"बनावट आहे," दादा म्हणाला. "आमच्या घरात अशी सही कोणीच करत नाही. त्या भट्टीवाल्याने पोस्टमनलाच विकत घेतलंय."

छोटी गप्प बसली. नंतर कितीतरी वर्षं तिला वाटत राहिलं की पत्र लपवण्यापेक्षा ती पाच मिनिटं जास्त वाईट होती.

दादा स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने पोस्टात लेखी तक्रार ठोकली: पोस्टमनने खोटी सही करून पत्र गायब केलं. चौकशी लागली. तीन दिवसांनी दुपारी छोटी दुकानात एकटीच होती तेव्हा पोस्टमन आला. अंगावर खाकी कपडे, पण खांद्याला पिशवी नव्हती.

"बसा ना, भाऊ," ती म्हणाली.

"बसत नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय, बसून बसून कंटाळलोय." तो हसला. मग खाली पाहत म्हणाला, "चार महिन्यांनी मी रिटायर होतोय, ताई. बत्तीस वर्षांत एक पत्र हरवलं नाही."

छोटीच्या हातातलं दाभण तसंच राहिलं.

"सही तुम्ही केली होती," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या हाताला खळ होती. माझं पेन नंतर दोन दिवस चिकटत होतं, म्हणून लक्षात राहिलं. साहेबांनी विचारलं, कोणी सही केली. मी म्हटलं, आठवत नाही."

"का?"

"घरातलं काय असतं ते बाहेरच्याला कळत नाही. म्हटलं, तुम्हीच सांगाल. मंगळवारी मला पुन्हा बोलावलंय." तो दारापर्यंत गेला, मग वळून म्हणाला, "त्या दिवशी मला आठवावं लागेल, ताई. घरी बायकोला तोंड दाखवायचंय."

तो गेल्यावर छोटीने दुकान लवकर बंद केलं. पहिल्यांदा तिने वहिनीला सांगितलं. वहिनी भाजी चिरत होती. सगळं ऐकूनही तिची सुरी थांबली नाही.

"मला माहीत होतं असं नाही," ती सावकाश म्हणाली. "पण 'अजून नाही' म्हणताना तू माझ्याकडे कधी बघायची नाहीस."

"मग तुम्ही विचारलं का नाही, वहिनी?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणून नाही विचारलं." तिने सुरी ठेवली. "मी येऊ का बरोबर?"

"नको."

वर्कशॉपमध्ये लेथ चालू होतं. दादा एका दांड्यावर आटे पाडत होता. छोटीने पाकीट त्याच्यासमोरच्या फळीवर ठेवलं. त्याने ते वरून वाचलं, मग मशीन बंद केलं. फिरणारा दांडा थांबायला थोडा वेळ लागला. मग त्याने हात पुसून चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

"मी केली सही," ती म्हणाली. "पोस्टमनने काही केलं नाही. मला कोर्टातल्या कोणी फसवलं नाही. मी आत कधी गेलेच नाही, दादा."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

तो स्टुलावर बसला. ओरडेल, हातातलं काहीतरी फेकेल, याची तिने तयारी केली होती. तसं काहीच झालं नाही. तो म्हणाला, "आणि मी त्या पोस्टमनच्या घरी जाऊन, त्याच्या नातवंडांसमोर त्याला चोर म्हणालो."

"तुझी तब्येत तेव्हा..."

"माझ्या तब्येतीचं नाव घेऊ नकोस." एवढाच त्याचा आवाज चढला. मग पुन्हा खाली आला. "हे कोर्टात सांगशील?"

"सांगेन."

"मग उद्या वकीलबाईंकडे जा. एकटी जा. मी आधी पोस्टात जातो."

तो खरंच गेला. तक्रार मागे घेतली, आणि पोस्टमनच्या घरी जाऊन, म्हणे, उंबऱ्यातच उभ्याने माफी मागितली. हे छोटीला वहिनीकडून कळलं. दादा तिच्याशी बोलेनासा झाला होता.

वकीलबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण बराच वेळ उघडलं-मिटलं. "कायद्याने बघितलं तर यापेक्षा चांगलं कारण मला मिळालं नसतं," त्या म्हणाल्या. "पण समोरचे म्हणतील, भावाला वाचवायला बहीण पुढे आली. तुमची सालं काढतील."

"काढू देत," छोटी म्हणाली.

कोर्टाच्या खोलीत पंखा होता, पण वारा फक्त कारकुनाला लागत होता. छोटी पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या कपाटात तिनेच शिवलेल्या नोंदवह्यांची रांग होती. तिकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं. भट्टीवाल्याचा वकील उठला.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही सख्ख्या भावाशी खोटं बोललात?"

"हो."

"सफाईने?"

"हो. त्याला संशय आला नाही."

"मग इतकं सफाईने खोटं बोलणारी बाई आज खरं बोलतेय, हे कोर्टाने कशावरून मानायचं?"

छोटीने विचार केला. "तेव्हा खोटं बोलून मला घर मिळत होतं," ती म्हणाली. "आज खरं बोलून ते जातंय. यात माझा फायदा कुठे दिसतो ते तुम्हीच सांगा."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही असं का केलंत?"

उत्तर तयार होतं. भावाचा रक्तदाब, डॉक्टरांचा सल्ला. वकीलबाईंनी ते प्रतिज्ञापत्रात लिहिलंही होतं. पण ते ओठांवर आल्यावर तिच्या लक्षात आलं की ते पुरतं खरं नाही.

"भावाची तब्येत बरी नव्हती, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण ते मी नंतर धरलं. त्या दिवशी मला फक्त एक संध्याकाळ शांत हवी होती. घर त्याचं, दावा त्याचा, आणि ऐकायचं मी, नऊ वर्षं. मी कंटाळले होते. मी ते माझ्यासाठी केलं."

मागच्या बाकावर दादा बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

निकाल पंधरा दिवसांनी आला. विलंब माफ झाला. अर्जदाराचा स्वतःचा काही दोष नाही. ज्याच्यापासून निकाल लपवला गेला त्याने वेळेत यायला हवं होतं असं म्हणता येत नाही. मुदतीच्या नियमामुळे त्याचं म्हणणं न ऐकताच दार लावणं न्यायाला धरून होणार नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. पुढे एक वाक्य होतं: अर्जदाराच्या बहिणीचं वर्तन अत्यंत निषेधार्ह आहे. नक्कल छोटीच्या हातात आली तेव्हा तिने ते वाक्य बोट ठेवून वाचलं. वाईट वाटण्याऐवजी तिला जरा मोकळं वाटलं. कोणीतरी ते म्हणायला हवं होतं, आणि घरात कोणी म्हणत नव्हतं.

तिने पिशवी भरली. वहिनीने ती पिशवी रिकामी केली आणि कपडे परत कपाटात लावले. दादा पेपर वाचत होता. पेपरामागून तो वहिनीला म्हणाला, "तिला सांग, घर सोडायला मी सांगितलेलं नाही." बोलणं असं तिसऱ्याच्या तोंडून चार महिने चाललं. मग हळूहळू मीठ दे, बिल भर, दार लाव इतपत सरळ सुरू झालं.

अपील दोन वर्षं चाललं. छोटी जीव मुठीत धरून होती. आता याला काही झालं तर? पण झालं भलतंच. दादा दर तारखेला डबा घेऊन जायचा, व्हरांड्यात आपल्यासारख्याच म्हाताऱ्या वादी-प्रतिवादींबरोबर बसायचा, गप्पा ठोकायचा. त्याचं वजन वाढलं. रक्तदाब आटोक्यात आला. हल्ली काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कोर्टात जातो." वहिनी हे सांगताना पोट धरून हसली. छोटीही हसली, पण स्वयंपाकघरात जाऊन ती बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. दाव्याने हा मरेल, एवढीच एक गोष्ट तिने स्वतःच्या बाजूने जपून ठेवली होती. तीही गेली.

अखेर कोर्टाने नव्याने मोजणी करायला लावली. एकोणीस फूट दादाची निघाली, अकरा भट्टीवाल्याची. दोघांनाही ते पटलं नाही आणि दोघेही थकले होते, म्हणून दोघांनीही ते मान्य केलं.

दादा स्वतः कुंपण घालायला गेला. छोटी डबा घेऊन गेली. तो मातीत बसून जेवला. हात धुताना ती एकदम म्हणाली, "दादा, मला माफ..."

"कोर्टाने केलंय की."

"कोर्टाने तुझा उशीर माफ केला. माझं काही केलं नाही."

त्याने यावर विचार केला. पाण्याची बाटली बंद केली.

"मला अजून जमत नाही, छोटी," तो म्हणाला. "जमलं की सांगेन. त्याला काही मुदत घातलेली नाही कोणी."

मग तो उठला आणि खड्ड्यात खांब उभा केला. "धर," तो म्हणाला. "सरळ धर. डावीकडे कलतोय." छोटीने दोन्ही हातांनी खांब धरला आणि तो माती ठोकायला लागला.